वीर आणि सोंगाड्या

पराक्रम करणारा एक आणि त्या पराक्रमाची टर उडवणारा दुसरा, अशी वाटणी मराठी तमाशाच्या वगात पहिल्यापासून आहे. राजा गर्जना करतो आणि बाजूला उभा असलेला सोंगाड्या त्याच गर्जनेतला पोकळपणा प्रेक्षकांकडे तोंड करून सांगतो. अमेरिकेत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सुपरहिरोंचा जो चावट, मारधाडीने भरलेला, केवळ प्रौढांसाठीचा विनोदी प्रकार रूढ झाला, त्याने ही दोन कामे एकाच अंगावर घातली. तेथे वीर स्वतःच सोंगाड्या झाला. हा बदल समजून घ्यायचा तर सोंगाड्याची बाजू आधी पाहावी लागते, कारण ती अधिक जुनी आणि अधिक कसलेली आहे.

सोंगाड्या भेटतो तो गावच्या यात्रेत. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी ती नावाजलेली आहे, आणि रात्री तमाशाची कनात हाही तिचा भाग आहे. कल्याणहून मुरबाडवरून जाणारा रस्ता माळशेज घाट चढून जुन्नरच्या मुलखात उतरतो. त्या बाजूचे नारायणगाव म्हणजे तमाशाचे माहेरघर, विठाबाई नारायणगावकरांचे गाव. तिथे राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. त्यामुळे घाटाखालच्या या तालुक्याला तमाशा कधी परका नव्हता.

तमाशाच्या बांधणीत थट्टेची जागा ठरलेली असते. आधी गणात गणपतीला वंदन. मग गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवणाऱ्या कृष्णाला त्याचाच सवंगडी पेंद्या आणि पुरुषाने रंगवलेली मावशी उघड उघड टोमणे मारतात. त्यानंतर वग, म्हणजे कथानाट्य. हा क्रम महत्त्वाचा आहे. वंदन मनापासून झालेले असते म्हणूनच पुढची चेष्टा कोणाला बोचत नाही. देवावरचा विश्वास पक्का असलेल्या समाजालाच देवाशी इतकी सलगी करता येते, आणि तमाशातल्या बेअदबीचे बळ याच सलगीत आहे. सत्यशोधक जलशांनी पुढे हाच साचा उचलला आणि थट्टेचा रोख भिक्षुकशाही व सावकारीवर वळवला.

अमानवी शक्ती आणि गावरान विनोद यांची सर्वांत देखणी गाठ ‘गाढवाचं लग्न’ या वगात पडते. इंद्राच्या शापाने गंधर्व गाढव होतो, सावळ्या कुंभाराच्या घरी राहतो आणि अखेर राजकन्येशी लग्न करतो. अलौकिक सामर्थ्य आहे ते गाढवाकडे, पण प्रेक्षकांचे डोळे खिळतात ते सावळ्यावर. दादू इंदुरीकरांनी ही भूमिका अशी उभी केली की इंद्राचा दरबार, राजाचा दरबार आणि कुंभाराचे अंगण एकाच पातळीवर आले. संहितेपेक्षा त्यांची हजरजबाबी वाक्ये अधिक गाजली. सोंगाड्याची खरी कला तीच: समोर कोण बसले आहे हे पाहून त्या क्षणी बोलणे.

नेमका याच गोष्टीवर सरकारी आघात झाला. अश्लीलतेच्या कारणाने १९४८ साली बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या समितीच्या सूचनांनंतर ती उठली, पण वगाची संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. उत्स्फूर्त बोलण्यावर जगणाऱ्या कलेला आधी लिहून दाखव म्हणणे हा मोठा अन्याय होता. तमाशाचा प्रेक्षक रूढीनेच प्रौढ होता, बहुतांशी पुरुषांचा होता. आपण काय ऐकायला आलो आहोत हे त्याला ठाऊक होते. बंदीच्या काळात अण्णाभाऊ साठे यांनी याच बाजाचा प्रयोग लोकनाट्य म्हणून पुढे नेला, आणि वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ पासून तो शहरी नाट्यगृहात रुजवला. त्यात दादा कोंडके प्रयोगागणिक ताज्या राजकारणावर बोलत.

कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटाने पुढचे पाऊल टाकले. आजवर नायकाच्या शेजारी उभा राहणारा माणूस नायकाच्या जागी आला. त्यांच्या द्व्यर्थी संवादांत शब्द निरुपद्रवी असत, अर्थ ऐकणारा लावी. त्यामुळे कात्री कुठे चालवायची हा परीक्षकांपुढचा प्रश्न सोपा नव्हता. मात्र हा नायक भोळा होता, वीर नव्हता. पुढे महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’ (१९९०) आणि ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटांत अद्भुत, मारामारी आणि विनोद एकत्र आले, पण जुनी वाटणी कायम राहिली. शौर्य कोठाऱ्यांकडे, हशा लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे. शिवाय ते सहकुटुंब पाहायचे चित्रपट होते.

अमेरिकेत प्रवास उलट दिशेने झाला. १९३८ मध्ये आलेला सुपरमॅन पूर्ण गंभीर होता. ‘मॅड’ या विनोदी कॉमिकने १९५३ मध्ये त्याचे विडंबन छापले, पण कॉमिक्स प्रकाशकांच्या १९५४ च्या आचारसंहितेने कॉमिक्स मुलांपुरते बांधून टाकले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘वॉचमेन’ या कॉमिक्स मालिकेने सुपरहिरोंकडे प्रौढ नजरेने, आणि फार खिन्नपणे, पाहिले. हसू आणले ते डेडपूलने. फाबियन निसिएझा आणि रॉब लाइफेल्ड यांनी १९९१ मध्ये निर्माण केलेले हे पात्र आरंभी भाडोत्री मारेकरी होते. १९९७ पासून जो केली यांच्या लेखणीतून त्याचा वाचाळपणा आणि आपण कॉमिक्समधले पात्र आहोत ही जाण पक्की झाली. २०१६ च्या चित्रपटात डेडपूल झालेला रायन रेनॉल्ड्स मारामारी मध्येच थांबवून प्रेक्षकांशी बोलतो. तमाशा पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

फरक आहे तो थट्टा कोणाची होते यात. डेडपूल इतर सुपरहिरोंची, चित्रपट कंपन्यांची आणि स्वतःच्या नटाची खिल्ली उडवतो. ही चेष्टा कंपनीच्याच परवानगीने आणि पैशाने चालते. सोंगाड्या ज्या पाटलाला किंवा पुढाऱ्याला चिमटा काढतो तो पहिल्या रांगेत बसलेला असतो. जोखीम सोंगाड्याची मोठी, म्हणून त्याची बेअदबीही अधिक खरी. डेडपूलच्या बाजूने मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. विद्रूप चेहऱ्याचा, दुखण्याने पिचलेला माणूस हसत लढतो तेव्हा त्या हसण्याला जे वजन येते, ते नुसत्या राजाची टर उडवण्याने येत नाही.

२०१८ च्या दुसऱ्या भागाच्या हिंदी आवृत्तीत डेडपूलला रणवीर सिंगचा आवाज मिळाला. मुखवट्यामुळे ओठ दिसत नाहीत, तेव्हा संवाद हवे तसे देशी करता येतात. मराठीत ‘बाजी’ने (२०१५) मुखवटाधारी वीर आणला, पण तो गंभीर राहिला. तिखट जिभेचा मराठी वीर अजून रूढ झालेला नाही. त्याला लागणारी भाषा, हजरजबाबीपणा आणि प्रेक्षकांशी थेट बोलण्याची रीत फडावर तयार आहे. चित्रपट प्रमाणनाच्या कायद्याची चौकटही थोडी सैलावली आहे: २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे झाले आणि निव्वळ प्रौढांसाठीचे ‘ए’ वेगळे राहिले.