‘निष्ठा’ शब्दाचा अर्थ आणि विनियोग

‘निष्ठा’ हा शब्द मराठीत आज फार सुलभ झाला आहे. स्वामिनिष्ठा, गुरुनिष्ठा, पक्षनिष्ठा, ध्येयनिष्ठा असे त्याचे अनेक समास नित्य कानी पडतात. कोणी निष्ठा वाहतो, कोणी ती जाहीर करतो, कोणी दुसऱ्याकडे तिची मागणी करतो. शब्द जेव्हा इतका हातोहाती फिरू लागतो, तेव्हा त्याची मुद्रा झिजते. म्हणून मूळ अर्थ कोणता, शास्त्रात त्याचा विनियोग कसा झाला आणि मनुष्याच्या आचरणात त्याची परीक्षा कोणती, हे तपासणे अवश्य ठरते.

शब्दाची घटना

‘स्था’ म्हणजे उभे राहणे, या धातूला ‘नि’ हा उपसर्ग लागून ‘निष्ठा’ हा शब्द सिद्ध होतो. स्थिती, आस्था, प्रतिष्ठा, संस्था हे शब्द त्याच कुळातले. गीतेतील स्थितप्रज्ञही त्याच धातूवर उभा आहे. यावरून एक गोष्ट प्रथमच लक्षात येते. निष्ठा या शब्दात कोणाच्या मागे चालण्याचा अर्थ मुळात नाही. एका ठिकाणी दृढपणे उभे राहण्याचा आहे.

अमरकोशाने या शब्दाचे निष्पत्ती, नाश आणि अंत असे अर्थ दिले आहेत. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. परंतु त्यांमागे एकच कल्पना आहे. जे शेवटास गेले, पूर्णत्वास पोचले, ती निष्ठा. पाणिनीने तर ‘क्त’ आणि ‘क्तवतु’ या दोन प्रत्ययांना ‘निष्ठा’ हीच संज्ञा दिली. ‘कृत’, ‘गत’, ‘श्रुत’ ही रूपे याच प्रत्ययांनी होतात. केले, गेले, ऐकले: क्रिया पार पडली, हा त्यांचा सामान्य अर्थ. व्याकरणाच्या या संज्ञेतून नीतीलाही एक बोध घेता येतो. निष्ठा ही भूतकाळाने सिद्ध होणारी वस्तू आहे. ‘मी निष्ठावंत राहीन’ हा संकल्प होईल, प्रतिज्ञा होईल. पण ती अद्याप निष्ठा नव्हे.

धर्मशास्त्रातील ‘नैष्ठिक’ शब्द याच अर्थाला पुष्टी देतो. ब्रह्मचारी दोन प्रकारचे सांगितले आहेत. विद्या संपादून, गुरूला दक्षिणा देऊन घरी परतणारा तो उपकुर्वाण. आणि देहपातापर्यंत गुरुसन्निध राहणारा तो नैष्ठिक. गुरू नसतील तर नैष्ठिकाने गुरुपुत्राजवळ, गुरुपत्नीजवळ किंवा अग्नीजवळ राहावे, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. हा क्रम मार्मिक आहे. ज्याच्यासाठी राहिला तो गेला, तरी राहणे संपत नाही.

निष्ठा, इमान आणि मीठ

व्यवहारात निष्ठेच्या जागी आणखी दोन शब्दप्रयोग येतात. एक ‘इमान’. हा शब्द मूळ अरबी, श्रद्धा या अर्थाचा. मराठीत तो प्रामाणिकपणा व धन्याशी सचोटी या अर्थी स्थिरावला. दुसरा ‘खाल्ल्या मिठाला जागणे’. हे दोन्ही गुण समाजधारणेला आवश्यक आहेत. परंतु मिठाला जागणे म्हणजे ऋण फेडणे. त्याची दृष्टी मागे, मिळालेल्या वस्तूकडे असते. ते निष्ठेशी एकरूप मानता येईल काय?

याचे उत्तर महाभारताच्या भीष्मपर्वात मिळते. गीतेचा उपदेश संपल्यावर लगेच युधिष्ठिर शस्त्र व कवच उतरवून, पायी चालत शत्रुसैन्यात जातो आणि वडीलधाऱ्यांची अनुज्ञा मागतो. भीष्म, द्रोण, कृप आणि शल्य हे चौघेही त्याला जवळजवळ एकच उत्तर देतात: मनुष्य अर्थाचा दास आहे, आणि कौरवांनी आपणांस अर्थाने बांधले आहे. हे चौघे जयाचा आशीर्वाद युधिष्ठिराला देतात आणि बाण मात्र त्याच्यावरच सोडतात. आपली स्थिती निष्ठेची आहे, असा दावा त्यांनी केला नाही, हे विशेष. त्यांनी तिला दास्य म्हटले. ज्यांना आपण निष्ठेचे आदर्श म्हणून पुढे करतो, त्यांनी स्वतः हा शब्द नाकारावा, याचा विचार झाला पाहिजे.

त्याच प्रसंगी युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून, आमच्या पक्षाला येऊ इच्छितो त्याने यावे, असे आवाहन करतो. तेव्हा धृतराष्ट्राचाच पुत्र युयुत्सू कौरवसेना सोडून पांडवांकडे येतो. जगाच्या भाषेत हा पक्षत्याग आहे. परंतु धृतराष्ट्राचा हाच एक पुत्र युद्धात वाचला, आणि महाप्रस्थानास निघताना परीक्षिताच्या राज्याचा सांभाळ पांडवांनी त्याच्याच हाती सोपविला. उलट विकर्णाने द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने न्याय्य बोलणे केले, आणि युद्धात तो भावांच्या पक्षाकडून लढून मेला. त्याला मारल्यावर भीमालाही शोक झाला. विकर्णाला सत्य दिसले होते, पण त्या सत्यावर तो उभा राहिला नाही. युयुत्सू राहिला.

कर्णाचा प्रश्न

येथे एक आक्षेप संभवतो. भीष्मद्रोणांचे असो, कर्णाचे काय? उद्योगपर्वात श्रीकृष्ण त्याला त्याचा जन्म सांगतात आणि राज्य देऊ करतात. कर्ण नाकारतो. अधिरथ-राधेचे वात्सल्य आणि दुर्योधनाचा स्नेह तो सोडू इच्छीत नाही. पराभव निश्चित आहे हे त्याला ठाऊक आहे. फळाची आशा नाही आणि भयही नाही. शिवाय शेवटपर्यंत टिकला. मग ही निष्ठा का नव्हे?

आक्षेप बलवान आहे, आणि कर्णाचे मोठेपण कमी लेखून त्याचे उत्तर देता येणार नाही. उत्तर गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. शास्त्रविधी सोडून पण श्रद्धेने जे यजन करतात त्यांची निष्ठा कोणती, असे अर्जुन विचारतो. श्रीकृष्ण त्यांना निष्ठाहीन म्हणत नाहीत. श्रद्धा सात्त्विक, राजस व तामस अशी त्रिविध असते, आणि ज्याची जशी श्रद्धा तसा तो पुरुष होतो, असा उत्तराचा आशय आहे. अर्थात निष्ठा दृढ आहे एवढ्याने ती शुद्ध ठरत नाही. ती कोणत्या वस्तूवर टेकली आहे आणि निष्ठावंताला ती काय करून सोडते, हे पाहावे लागते.

कर्णाने स्वतः हे पाहिले होते. त्याच संवादात तो श्रीकृष्णांजवळ कबूल करतो की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून आपण पांडवांना कटू शब्द बोललो आणि त्या कर्माचा आपल्याला ताप होतो. कर्णाच्या आयुष्यातील सर्वांत करुण स्थळ हेच म्हणावे लागेल. त्याने राज्य सोडले, प्राण सोडला, पण जी जागा चुकीची आहे हे त्याला उमगले होते ती जागा तो सोडू शकला नाही. त्याचा त्याग पूर्ण होता. अधिष्ठान चुकले होते.

नैष्ठिकी शांती

पाचव्या अध्यायात कर्मफळ सोडणाऱ्या युक्त पुरुषाला मिळणाऱ्या शांतीला ‘नैष्ठिकी’ हे विशेषण लावले आहे, आणि त्याच अध्यायात पुढे ‘तन्निष्ठ’ हा शब्द येतो. तेथे ‘तत्’ म्हणजे परमतत्त्व. म्हणजे निष्ठेची दोन अंगे झाली: फळाचा त्याग आणि अधिष्ठानाची शुद्धी. कर्णाजवळ पहिले होते, दुसरे नव्हते. भीष्मद्रोणांना दुसरे दिसत होते. पण अर्थाच्या बंधनातून ते सुटले नाहीत.

दोन्ही अंगे एकत्र कशी येतात, हे श्रीनागदेवाचार्यांच्या चरित्रात दिसते. 13व्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे गेले. सन्निधानात सेवा करणे एकपरी सोपे. डोळ्यांपुढे मूर्ती असते, शब्द ऐकू येतो. असन्निधानात तेथेच उभे राहणे कठीण. नागदेवाचार्य रिद्धपुरी येऊन श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. आणि तेथेच त्यांच्या साह्याने म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या. ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली, त्याला विचारून, पारखून घेऊन ती नोंदविली. स्वामींविषयी केवळ गौरवाचे बोलणे सोपे होते. घडले तसेच सांगणे हे त्यांनी सेवेचे रूप मानले. येथे निष्ठा आणि सत्य यांत भेद राहिला नाही. नैष्ठिक ब्रह्मचारी गुरूच्या पश्चात अग्नीजवळ राहतो. हे साधक स्मरणाजवळ राहिले.

यावरून साधकाने स्वतःपुरती एक कसोटी घ्यावी. आपण जिला निष्ठा म्हणतो ती राखण्यासाठी आपल्याला असत्य बोलावे लागते काय? दुसऱ्या कोणा जिवाचा अपमान समोर घडत असता मान खाली घालून बसावे लागते काय? तसे असेल तर ते ऋण असेल, स्नेह असेल, भय असेल. त्यांचेही स्थान आहे, पण त्यांना निष्ठा हे नाव देऊ नये. आणि तसे नसेल, तरी ते नाव आपणच घेण्याची घाई करू नये. शेवटच्या दिवसापर्यंत उभे राहिल्यावर ते दुसऱ्यांनी द्यावयाचे असते.