पोटखराब

सातबाऱ्यावर पोटखराब नावाचा एक रकाना असतो. शेतातली खडकाळ, नाल्याखालची, पिकाला न येणारी जमीन किती, ते त्यात लिहिलेलं असतं. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा चढतो, कुळाचं नाव येतं. रानाबद्दल जे जे कळायला हवं ते या कागदावर आहे, असं आम्ही पिढ्यान् पिढ्या धरून चाललो. पण मातीत विष मुरलंय का, हे लिहायला त्यात जागा नाही.

आमच्या गावात ओढ्याच्या वळणावर तीनेक एकरांचा एक तुकडा आहे. त्याला सगळे टँकरचं रान म्हणतात. मी शाळेत होतो तेव्हा एका कारखान्याचे टँकर रात्री तिथं यायचे आणि कडेच्या खड्ड्यात काळपट पाणी सोडून जायचे. पुढं कारखाना बंद पडला, मालक गाव सोडून गेला. खड्डा बुजला, वर बाभळी आल्या. विहिरीच्या पाण्याला मात्र अजून वास येतो. बैल तोंड लावून मागं सरतो. सातबाऱ्यावर ते रान नुसतं जिरायत आहे. झाल्या गोष्टीची नोंद उरली ती लोकांनी दिलेल्या नावात.

काही देशांत अशी जमीन हुडकायचं काम गावच्या नाहीतर शहराच्या कौन्सिलकडं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडं असतं. इंग्लंडात कौन्सिलची माणसं जुने नकाशे काढून बसतात. कातडी कुठं कमावत होते, कोळशापासून गॅस कुठं काढत होते, कचऱ्यानं कुठली खाण बुजवली, ते बघतात. न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या अंगावरचे कीटक मारायला त्यांना औषधाच्या हौदात बुडवत. त्या औषधात पूर्वी आर्सेनिक असायचं, म्हणून असे जुने हौदसुद्धा तिथं यादीत धरतात. जागा सापडली की तीन गोष्टी तपासायच्या: विष, त्याची वाट आणि वाटेच्या टोकाला असलेला जीव. तिन्ही जुळल्या तर धोका. मग माती उचलून न्यायची, वर चांगल्या मातीचा थर घालायचा, नाहीतर विहीर बंद करायची. एकूण काय, वाट तोडायची.

आता नानांचं सांगतो. नाना म्हणजे माझे चुलते. टँकरचं रान त्यांचं. काकूंच्या दवाखान्याला पैसा लागत होता म्हणून त्यांनी ते विकायला काढलं. शहरातला एक जण गाईंचा गोठा घालायला घेणार होता. विसार देऊन झाला होता. पारावर सगळ्यांचं एकच म्हणणं, "सातबारा कोरा हाय नाना, कशाला तोंड उघडता? डोळं झाकून सही करा." नाना म्हणाले, "त्येची जनावरं त्याच हिरीचं पानी पिनार. मला सांगायलाच पायजे." त्यांनी सांगितलं, विसार परत केला. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही तेच आहे: घेणाऱ्याला साध्या नजरेला न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे. नानांना कायदा ठाऊक नव्हता. त्यांना जनावर ठाऊक होतं.

गावानं नानांचं कौतुक केलं. काकूंच्या औषधाला मात्र कुणी रुपया काढला नाही. उलट बांधाशेजारच्या दोघांनी बोलणं टाकलं, कारण त्यांच्या रानाचंही गिऱ्हाईक फिरलं. विष दुसऱ्यानं ओतलं, खरं नानांनी सांगितलं आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. हे मला अजून पटत नाही.

पारावरच्या माणसांना मी नुसतं खोटारडं म्हणणार नाही. त्यांची भीती खरी होती, आणि ती एकट्या आमच्या गावाची नाही. इंग्लंडात १९९०च्या कायद्यात अशा जागांची नोंदवही ठेवायचं कलम होतं. वहीत नाव गेलं की घरांचे भाव पडतील, अशी ओरड झाली आणि १९९३ साली ती वही सुरू व्हायच्या आधीच सोडून दिली. नवी व्यवस्था लागू व्हायला २००० साल उजाडलं. तिच्यात ज्यानं घाण केली त्यानं निस्तरायची. तो सापडलाच नाही तर भार जमिनीच्या मालकावर येऊ शकतो. म्हणजे शेवटी नानाच!

आपल्याकडं जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारनं दूषित स्थळांबद्दल नियम काढले. स्थानिक संस्थेनं किंवा जिल्हा प्रशासनानं, स्वतःहून किंवा कुणाच्या तक्रारीवरून, अशा संशयित जागा हुडकून दर सहा महिन्यांनी कळवायच्या. राज्याच्या प्रदूषण मंडळानं माती-पाणी तपासायचं आणि मगच जागा दूषित ठरवायची. संशय वेगळा, शाबिती वेगळी, हे मला बरं वाटलं. नाहीतर भाऊबंदकीत कुणीही उठून दुसऱ्याच्या रानाला डाग लावील. ज्यानं घाण केली तो सापडला नाही तर खर्च केंद्रानं आणि राज्यानं मिळून उचलायचा आहे. कागदावर हे चांगलं आहे. पण नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागा ठरलेल्या होत्या आणि सफाईचं काम सुरू होतं ७ ठिकाणी.

ग्रामसभेत हा विषय निघेल तेव्हा पुन्हा तोच प्रश्न येणार: स्वतःहून सांगायचं का? मी सांगायच्या बाजूचा आहे. आज गप्प बसून भाव राखला, तर उद्या तिथं कुणाचं तरी पोर मातीत खेळणार, कुणीतरी भाजी लावणार. शिवाय टँकर बघितलेली माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत. ती गेली की नाव राहील, पण ते का पडलं हे सांगायला कुणी नसेल. मात्र सांगणाऱ्याला एकटं पाडून खरेपणाची अपेक्षा धरायचा गावाला काही हक्क नाही. ठरावात जागेचा गट नंबर लिहायचा, तर त्याच ठरावात गावानं आपली सहीही घालावी: तपासणीसाठी पाठपुरावा आम्ही करू, तोवर त्या घराला प्यायला पाणी आम्ही देऊ, बांधावरचं वैर आम्ही मिटवू. एवढं झालं तर पुढच्या माणसाला तोंड उघडायला नानांइतकी मोठी छाती लागणार नाही.