अजून आहे ती

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ११



चार दिवस चिंतन लिहिलं नाही, क्षमस्व. पुण्याहून घरी आले आहे, सवला. महाडजवळ सावित्रीच्या काठी आमचं गाव, गरम पाण्याच्या झऱ्यांचं. ऑफिसात "घरी आजारपण आहे" एवढंच सांगितलं. आजारी कोण, ते सांगायची लाज वाटली. आज ती लाज सोडून लिहिते. आजारी आमची राणी आहे, आमची कुत्री. बारा वर्षांची. तिच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्या आहेत.

महाडच्या गुरांच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून शांतपणे समजावलं. कुत्र्याच्या रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं, तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम आधीच बंद पडलेलं असतं. ते परत येत नाही. कातडीखाली सलाईन द्यायचं, मळमळ थांबवायचं औषध, आणि खाईल ते मऊ अन्न. "बरी होणार नाही. पण उरलेले दिवस बरे जातील असं बघू," म्हणाले. किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारवलं नाही.

घरी आल्यावर पडवीत तिच्याशेजारी बसले आणि रडायला लागले ते थांबेचना. फोनमधले जुने फोटो काढले. पिल्लू असतानाचे, थंडीत कुंडाजवळच्या कोमट दगडावर पसरलेली असतानाचे. तिला पुरायचं कुठे, हेसुद्धा मनात ठरवून झालं. परसात रातांब्याखाली, मोत्याच्या शेजारी. आत आजी भाकऱ्या थापत होती. तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "बाय, मढं झाल्यागत रडतेस कशाला? अजून हाय ती. पाणी दे आधी तिला. भांडं रिकामं हाय कवाचं."

भांडं खरंच रिकामं होतं. किडनीच्या आजारात कुत्र्याला सारखी तहान लागते, हे डॉक्टरांनी तासाभरापूर्वीच सांगितलं होतं. आणि मी तिच्यासाठी रडत तिच्याच रिकाम्या भांड्याशेजारी बसले होते.

त्या रात्री रोजच्या क्रमाने गीता उघडली, तर समोर आला हा श्लोक. भगवंतांचा उपदेश खऱ्या अर्थाने इथूनच सुरू होतो. ते अर्जुनाला म्हणतात की बोलतोस शहाण्यासारखं, पण शोक करतोस तो नको त्याचा. जाणती माणसं दोघांचाही शोक करत नाहीत, प्राण गेलेल्यांचाही आणि प्राण न गेलेल्यांचाही.

हा श्लोक आपण सगळ्यांनी वाचलाय. मीही कितीदा वाचलाय. पण त्यातला "अगतासु" हा शब्द मला आजवर दिसलाच नव्हता. असु म्हणजे प्राण. ज्यांचे प्राण अजून गेलेले नाहीत ते अगतासु. आता बघा, अर्जुन रडतोय कोणासाठी? भीष्मांसाठी, द्रोणांसाठी, आप्तांसाठी. यातलं त्या क्षणी कोणीही गेलेलं नाही! सगळे समोर उभे आहेत, श्वास घेतायत. अर्जुनाने मनातल्या मनात त्यांची मढी पाहिली आणि हातातलं गांडीव खाली ठेवलं.

म्हणजे गीतेतला पहिला शोक हा मेलेल्यांचा नाहीच. तो जिवंत माणसांचा आधीच मांडलेला शोक आहे. आणि त्याची खूण काय? हातातलं काम सुटतं. अर्जुनाचं धनुष्य सुटलं, माझं पाण्याचं भांडं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे.

आठ वर्षांपूर्वी मोत्या आजारी पडला. पोटात गाठ होती आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आईचा फोन आला, "येऊन जा गं, तुझी वाट बघतोय तो." मी सबमिशनचं कारण दिलं. खरं कारण वेगळं होतं, मला त्याला तसं बघायचं नव्हतं. "मला तो चांगला असतानाचाच आठवू दे," असंही म्हणाले. मोठं समजूतदार वाक्य वाटलं होतं तेव्हा. शहाण्यासारखं बोलणं म्हणजे हेच की! मोत्या पाचव्या दिवशी गेला. आई सांगते, संध्याकाळी एसटी थांबल्याचा आवाज आला की शेवटपर्यंत मान उचलायचा. मी होस्टेलवर त्याच्यासाठी खूप रडले होते, तो जिवंत असतानाच. त्याला त्याचा काय उपयोग झाला?

आता महाभारताकडे येऊ. गंमत बघा, महाभारताच्या सुरुवातीलाच आदिपर्वात एका कुत्र्यावर झालेल्या अन्यायाची गोष्ट आहे. जनमेजयाच्या यज्ञात त्याचे भाऊ एका निरपराध पिल्लाला मारतात आणि त्या पिल्लाची आई, देवांची कुत्री सरमा, येऊन जाब विचारते. आणि शेवटाकडे, सतराव्या महाप्रस्थानिक पर्वात, पुन्हा एक कुत्रा आहे. पांडव हिमालयाकडे निघतात तेव्हा तो मागोमाग चालत असतो. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. उरतात फक्त युधिष्ठिर आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड आणि चल. युधिष्ठिर नाही म्हणतो.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण पुढचा इंद्राचा प्रश्न फारसा कोणी सांगत नाही. इंद्र विचारतो, सख्ख्या भावांना आणि पत्नीला वाटेत टाकून आलास, मग या कुत्र्याला का सोडवत नाही? प्रश्न बोचरा आहे आणि बरोबरही. युधिष्ठिराचं उत्तर असं की ते मरण पावले होते, त्यांना जिवंत करणं माझ्या हातात नव्हतं. पण ते जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हा कुत्रा जिवंत आहे आणि माझ्या आसऱ्याने आला आहे. याला सोडणार नाही.

गतासु आणि अगतासु. भगवंतांनी कुरुक्षेत्रावर जो भेद सांगितला, तो युधिष्ठिराने हिमालयात जगून दाखवला. गेलेल्याला धरून बसायचं नाही आणि असलेल्याला सोडायचं नाही. आपलं नेमकं उलटं होतं. असताना दूर पळतो आणि गेल्यावर वर्षानुवर्षं धरून बसतो. मोत्याच्या बाबतीत मी दोन्ही केलं.

रायगड आमच्याच तालुक्यात. गडावर वाघ्या कुत्र्याचं स्मारक आहे, महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली अशी कथा सांगतात. तिच्या इतिहासावरून वाद आहेत, त्यात मी पडत नाही. पण कुत्र्याच्या निष्ठेच्या अशा गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. महाप्रस्थानातली गोष्ट मात्र माणसाच्या निष्ठेची आहे. परीक्षा कुत्र्याची नव्हती, ती युधिष्ठिराची होती.

तुमच्यापैकी काहींच्या मनात आता एक प्रश्न आला असेल, कारण माझ्याही मनात तो आहे. शेवटी झोपेचं इंजेक्शन द्यायचं का? ते पाप का? १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असंच यातनेत पडलं होतं. उपचाराला वाव नव्हता, कूस बदलायलासुद्धा त्याला वेदना होत होत्या. गांधीजींनी डॉक्टरांना बोलावून त्याला इंजेक्शनने मरण दिलं. लोक खूप रागावले, तरी त्यांनी आपली बाजू उघडपणे मांडली. मी यावर निवाडा देणारी कोण? पण स्वतःसाठी एक प्रश्न ठरवलाय : मी संपवतेय ते दुखणं कोणाचं, तिचं की मला बघवत नाही म्हणून माझं? तिचं असेल, डॉक्टर तसं सांगत असतील, तर ती शेवटची सेवा असू शकते. माझं असेल, तर ते पुन्हा मोत्याला सोडून पुण्यात बसणंच झालं. राणीची ती वेळ अजून आलेली नाही. आली, तर मी दाराबाहेर उभी राहणार नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर असेल.

सध्या आमच्या घरी काय चाललंय ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर. आजीने कालनिर्णयवर खुणा सुरू केल्यात. राणी स्वतःहून उठली, दोन घास खाल्ले, शेपटी हलवली, तर त्या तारखेला गोल. दिवसभर पडून राहिली, काहीच घेतलं नाही, तर फुली. फुल्या वाढायला लागल्या की डॉक्टरांशी बोलायचं, आपल्या मनाच्या लहरीवर ठरवायचं नाही. खाण्याची जबरदस्ती करायची नाही. आणि एक महत्त्वाचं, दुखतंय म्हणून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला अजिबात द्यायची नाही, ती त्याच्या जिवावर बेतू शकते.

रडू येतं का? येतं. काल सलाईनची सुई टोचताना माझा हात थरथरत होता आणि राणीच माझा हात चाटत होती. मी काही जाणत्यांपैकी नाही. पण रडता रडता सुई नीट टोचली, बाटली संपेपर्यंत धरून बसले. एवढं जमलं.

आजचा संकल्प : तुमच्या घरात कोणी अगतासु असेल, आजारी आजोबा असोत, थकलेलं मांजर असो, तर आज त्यांचे जुने फोटो बघू नका. त्यांच्या पाण्याचं भांडं बघा.

हे पांडुरंगा, जे जाणार आहे ते तुझंच आहे, ते तू नेशील तेव्हा ने. जोवर माझ्या ओसरीवर आहे, तोवर मला तिथून हलू देऊ नकोस.

थांबते. राणी उठून भांड्याकडे गेलीय. आज गोल.

राम कृष्ण हरी.