रोखीचे बटाटे

कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचं गाव आहे. 1943 साली तिथल्या माळावर लांबच लांब बराकी उभ्या राहिल्या आणि त्यांत पोलंडची माणसं राहायला आली. बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं 1940 पासून त्यांना घरांतून उचलून पार सैबेरियापर्यंत नेलं होतं. तिथून सुटून, इराणमार्गे ती इथवर पोचली होती. बघता बघता कॅम्पात सुमारे 5000 माणसं झाली.

जवळच्या वाडीतली एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन तिकडं जाऊ लागली. एकदा एक बाई लेकीचा हात धरून पाटीपुढं आली. दोघी काटकुळ्या. बाईनं बटाट्यांकडं बोट दाखवलं. म्हातारीच्या पोटात कालवलं. न तोलताच तिनं बाईची पिशवी भरली. बाईनं पैसे पुढं केले, तसा म्हातारीनं हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ दे गं बाई. पोरीला शिजवून घाल."

बाईला शब्द कळले नाहीत, मागं गेलेला हात कळला. तिनं पिशवी पाटीत रिकामी केली आणि लेकीला घेऊन ती चालती झाली.

म्हातारी घरी आली ती धुसफुसतच. "दिलेलं घेतलं न्हाई. एवढा कसला ताठा?"

सून भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, दुष्काळात पाटलीणबाई जोंधळं देत हुत्या, तवा तुमी तरी कुठं घेतलं? आदी रान भांगलून दिलं, मग पदर पसरला."

म्हातारी काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई लांबून जाताना दिसली. म्हातारीनं हाक मारली, बटाटे तागडीत टाकले आणि बोटांवर भाव सांगितला. बाईनं तिचं एक बोट मिटवलं. म्हातारीनं ते पुन्हा उघडलं. बरीच घासाघीस झाली. शेवटी बाईनं पैसे मोजले, म्हातारीनं ते निरखून घेतले. बाई हसली. लेकही हसली.

पुढं कॅम्पात शाळा चालू झाल्या, दवाखाना झाला, चर्च झालं. म्हातारी बटाट्याला झेमनियाकी म्हणू लागली. बाईनं आपल्या खोलीत कोबी चिरून मिठात मुरवला आणि म्हातारीला चाखायला दिला. म्हातारीनं तोंड वाकडं केलं, पण खाल्ला.

थंडीत सुनेला मुलगा झाला. बाईनं लोकरीचं टोपडं विणून आणलं. म्हातारी कनवटीचे पैसे सोडू लागली, तर बाईनं तिचा हात धरला. म्हातारीनं टोपडं ठेवून घेतलं. मग मेथीची मोठी जुडी उचलून बाईच्या पिशवीत घातली. या खेपेला पिशवी रिकामी झाली नाही.

पोलंडची माणसं 1948 पर्यंत निघून गेली. फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत आली. म्हातारी पाटी आणि तागडी घेऊन त्यांच्याकडंही गेली.

परागंदा माणसाला छप्पर आणि अन्न आधी द्यावंच लागतं. पण तेवढ्यानं तो शेजारी होत नाही. त्याला घेण्यासारखंच देताही आलं पाहिजे, आणि ती जागा यजमानानंच करून द्यायची असते.

त्या सिंधी कुटुंबांनी पुढं तिथंच दुकानं घातली. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात, आणि लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या गावांतली माणसं तिथं जातात.