मुलाचा मार्ग कोणी ठरवावा?

दरवर्षी मे-जूनच्या सुमारास दहावी व बारावी ह्या परीक्षांचे निकाल लागतात, आणि वर्षभर दबून राहिलेला एक प्रश्न घरोघरी उघडपणे बोलला जाऊ लागतो : "आता पुढे काय?" शेजारी विचारतात, सोयरेधायरे विचारतात, उपासना आटोपून घरी जाताना मंडळीतील वडील माणसेही विचारतात. उत्तर बहुधा बाप देतो, आणि ज्याच्याविषयी ते दिले जाते तो मुलगा अगर ती मुलगी खाली मान घालून ऐकत असते. ह्या नित्याच्या गोष्टीत नीतीचा एक मोठा प्रश्न आहे, व त्याचा विचार वाचकांनी आज आमच्याबरोबर करावा अशी आमची विनंती आहे. मुलाने कोणती विद्या शिकावी व कोणता धंदा पत्करावा, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

आईबापांची बाजू आपण प्रथम ऐकू. ते म्हणतात, "आम्ही दुसऱ्याच्या बांधावर राबलो, उसाच्या फडात कोयता धरला, अंगावरचा दागिना मोडला आणि हे मूल शिकविले. ह्या वयात त्याला जगाची काय ओळख? सोळा वर्षांच्या पोराच्या हाती आम्ही जमिनीचा व्यवहार देत नाही, मग सबंध आयुष्याचा कसा द्यावा?" ह्या बोलण्यात खोटे काही नाही. ज्यांनी कष्ट केले व ज्यांना पैसा भरावयाचा आहे त्यांचा शब्द मुलांनी आदराने ऐकला पाहिजे. घरची ऐपत न पाहता जो हट्ट धरतो, त्याच्या हट्टाला स्वातंत्र्य हे नाव शोभत नाही.

तथापि, कष्ट केल्याने दुसऱ्याच्या आयुष्याची मालकी मिळते काय? सावकार वाढीदिढीने दाणे देतो, तसे अन्न कोणत्याही मातेने आपल्या लेकरास घातलेले नाही. शिवाय जो धंदा आज निवडावयाचा तो पुढे चाळीस वर्षे त्या मुलालाच करावयाचा आहे. रोज सकाळी उठून त्या कामावर त्यालाच जावे लागेल. आणि ज्या शेजाऱ्यांनी वाहवा करावी म्हणून ते काम निवडले, त्यांना तोपर्यंत त्याची आठवणही राहणार नाही. ओझे ज्याच्या खांद्यावर चढवायचे, त्याला ते आधी उचलून पाहू द्यावे, हा न्याय बाजारातले हमालही पाळतात.

खरे पाहता पुष्कळ घरांत ही निवड बापही करीत नाही. ती अब्रू करते. अमक्याचा मुलगा डॉक्टर होणार, म्हणून आमचाही झाला पाहिजे, एवढाच त्यातला विचार. आता हिशेब पाहा. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेस देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एम.बी.बी.एस.च्या जागा सबंध देशात १ लाखाच्या थोड्या वर होत्या. वीस जणांमागे एक, एवढीसुद्धा पुरती जागा नव्हती. मग बाकीचे सगळे आळशी होते, की निर्बुद्ध होते? हा हिशेब न मांडता मुलाला लातुरास किंवा राजस्थानातील कोटा शहरी शिकवणीस पाठवायचे, त्यासाठी जमीन गहाण टाकायची, आणि दर रविवारी फोनवरून "आमची सारी भिस्त तुझ्यावर" असे त्याला ऐकवायचे, हे प्रेमापोटी होते खरे; पण ह्या शब्दांचा भार किती होतो हे बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. एकट्या कोटा शहरात २०२३ साली वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला. प्रत्येक घराची कथा निराळी असते. पण आपल्या जिवापेक्षा आपले गुण घरच्यांना अधिक मोलाचे आहेत अशी समजूत ज्या मुलाची होते, त्याच्या घराने वेळीच जागे झाले पाहिजे.

मग सर्व काही मुलावरच सोपवावे काय? तेही योग्य नाही. ज्याने दोनच वाटा पाहिल्या आहेत, त्याला "तुला आवडेल ती वाट धर" म्हणणे ही पोकळ उदारता होय. मित्र गेला म्हणून विज्ञान, गुण कमी पडले म्हणून कला, अशा रीतीने कित्येक मुले वाहत जातात. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश सर्व राज्यभर ऑनलाइन होऊ लागले. त्या अर्जातील पसंतीक्रम जर सायबर कॅफेवाल्याने आपल्या मनाने लावून दिला, तर त्या निवडीत ना बापाचा विचार, ना मुलाचा. म्हणून आमचे म्हणणे असे की, निवड मुलाची असावी, परंतु ती डोळसपणे करता येईल एवढे ज्ञान त्याला मिळवून देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.

वाटा पुष्कळ आहेत. दहावीनंतर अकरावीखेरीज औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आय.टी.आय., आहेत. कारागिरांना शिकविण्याची ही योजना देशात १९५० साली सुरू झाली. तेथे वीजतंत्री व जोडारी ही कामे दोन वर्षांत, आणि वेल्डिंग व नळजोडणी ही एका वर्षात शिकता येतात. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात काम शिकत असता विद्यावेतनही मिळते. तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आहे. ती घेतलेल्यास अभियांत्रिकीच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येते, आणि दोन वर्षांची आय.टी.आय. केलेल्यासही ठरलेल्या अटींवर पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. म्हणजे खालच्या पायरीवर उभा राहिलेल्यास शिडी बंद झालेली नाही. बारावीनंतर परिचारिकेचा तीन वर्षांचा जी.एन.एम. व चार वर्षांचा बी.एस्‌सी. नर्सिंग हे अभ्यासक्रम आहेत. कायद्याचा पाच वर्षांचा आहे. प्राथमिक शिक्षकाची दोन वर्षांची पदविका आहे. शेतकऱ्याच्या मुलांसाठी राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषी विद्यापीठे आहेत. ज्याला घरची जबाबदारी सोडवत नाही, त्याच्यासाठी १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे; तेथे काम सांभाळून पदवी घेता येते.

येथे एक गंभीर आक्षेप निघेल, व तो आम्ही टाळू इच्छीत नाही. कोणी म्हणेल, "गरिबाच्या पोराने हत्यार धरावे आणि साहेबाच्या पोराने पुस्तक, हाच तर जुना अन्याय! तोच तुम्ही गोड शब्दांत सांगत आहा." हा आक्षेप खरा आहे. आमच्या देशात शेकडो वर्षे कित्येकांना पुस्तकाला हात लावू दिला नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांनी किती शिव्याशाप सोसले हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून ज्या मुलाच्या ठायी अभ्यासाची बुद्धी व ओढ आहे, त्याला "आपल्यासारख्यांना हे परवडत नाही" असे म्हणून मागे खेचणे हे पाप होय, आणि त्याच्या शुल्काची सोय करणे हे केवळ त्याच्या बापाचे काम नसून सबंध मंडळीचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा व शिका' ह्या मार्गाने गरिबांची मुले पुढे नेली. त्या मुलांनी वसतिगृहाच्या शेतात कुदळ धरली, आणि त्याच हातांनी पुस्तकही धरले. केडगावास पंडिता रमाबाईंनीही अनाथ व विधवा स्त्रियांना अक्षरांबरोबर विणकाम व छापखान्याचे काम शिकविले. ह्या थोरांनी हात व बुद्धी यांत उच्चनीच मानले नाही. दारिद्र्याने कोणाला खाली दाबू नये आणि गर्वाने कोणाला वर ढकलू नये, हा एकच न्याय आम्ही दोन्हीकडे लावतो.

मुलींविषयी वेगळे सांगावे लागते, कारण त्यांच्या बाबतीत "पुढे काय?" हा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही, बारावीनंतर स्थळे पाहिली जातात. २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षण व इतर मागास ह्या वर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. तेव्हा खर्चाची सबब आता पूर्वीइतकी टिकत नाही. जो बाप मुलाला विचारतो आणि मुलीला विचारीत नाही, त्याने आपल्या एका लेकराचा हक्क दुसऱ्यास दिला असे आम्ही समजतो.

आता व्यवहाराची गोष्ट. अर्ज भरण्यापूर्वी एके रात्री जेवणे झाल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसावे व तीन प्रश्न विचारावेत. पहिला मुलाला : कोणते काम करीत असता तुला वेळेचे भान राहत नाही? दुसरा आईबापांनी स्वतःला : आमच्या हाती खरोखर किती पैसा आहे, आणि कर्ज काढल्यास ते कोण व कसे फेडील? हा आकडा मुलापासून लपवू नये. त्याला तो कळला म्हणजे तोही जबाबदार होतो. तिसरा सर्वांनी मिळून : ह्या विद्येने आमच्या शेजाऱ्याचे काय भले होईल? ज्या गावात रात्री ताप चढला तर परिचारिका मिळत नाही, व पंप जळाला तर तालुक्याहून माणूस आणावा लागतो, त्या गावात ह्या तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे दारासमोरच उभी असतात.

ही तीन उत्तरे मिळाल्यावर निवडीचा शेवटचा शब्द मुलाने बोलावा, व बापाने तो मानावा. पुढे वाट चुकली असे दिसले तर "आम्ही सांगत होतो" असे न म्हणता घरचे दार उघडे ठेवावे. सतराव्या वर्षी केलेली निवड बदलता येते. परंतु आपल्या घरात आपला शब्द कोणी ऐकिला नाही, हे दुःख माणूस म्हातारपणापर्यंत बाळगतो.