दोन लाखांचा हिशेब

१८ जुलै १९८८ची रात्र. चंदीगडमध्ये पंजाबच्या गृहखात्यातल्या एका बड्या सनदी अधिकाऱ्याच्या घरी मेजवानी होती. सरकारातली वरची फळी सहकुटुंब जमली होती. राज्यात राष्ट्रपती राजवट होती, रोज माणसं मारली जात होती आणि दहशतवादाशी लढणाऱ्या पोलीस दलाचे महासंचालक के. पी. एस. गिल हे त्या घरातले वजनदार पाहुणे होते.

रूपन देओल बजाज याही पाहुण्यांत होत्या. त्या भारतीय प्रशासकीय सेवेतल्या, पंजाब केडरच्या अधिकारी. गिल यांनी काही बोलायचं आहे म्हणून त्यांना शेजारी बोलावलं. त्या बसू लागल्या, तशी गिल यांनी ती खुर्ची स्वतःकडे ओढली. बजाज यांनी ती मागे घेतली. पुन्हा तेच झालं, तेव्हा त्या उठून बायकांमध्ये जाऊन बसल्या. थोड्या वेळाने गिल तिथे आले, अगदी अंगालगत उभे राहिले आणि बोटाने खूण करून ‘ऊठ, माझ्याबरोबर चल’ म्हणाले. बजाज यांनी ठणकावून नकार दिला आणि वाट काढून त्या निघाल्या. त्या क्षणी गिल यांनी सगळ्यांच्या देखत त्यांच्या पार्श्वभागावर चापट मारली.

पाहायला माणसं होती, पदं होती, अधिकार होते. तरीही पुढचं सगळं एका बाईलाच करावं लागलं.

बजाज यांनी आधी वरिष्ठांचे दरवाजे ठोठावले. तिथे काही झालं नाही. मग २९ जुलैला त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. म्हणजे ज्या दलाच्या प्रमुखावर आरोप, त्याच खात्याकडे दाद मागायची! नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पतीनेही न्यायालयात फिर्याद दाखल केली. तेही सनदी अधिकारी होते. नवरा-बायको दोघांनी आपली नोकरी आणि नाव पणाला लावलं.

मे १९८९ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला. दंडसंहितेत तेव्हा ९५वं कलम होतं. इतकी किरकोळ इजा, की शहाण्या माणसाने तिची तक्रार करू नये, अशा कृत्याला गुन्हा मानू नका, असं ते सांगे. बजाज यांच्या वाट्याला हे कलम आलं. त्याच वर्षी गिल यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते पुन्हा पंजाबचे पोलीस महासंचालक झाले.

बजाज सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांची बाजू इंदिरा जयसिंग यांनी मांडली. १२ ऑक्टोबर १९९५ रोजी निकाल लागला. स्त्रीच्या विनयभंगाला किरकोळ म्हणता येणार नाही, असं सांगून न्यायालयाने खटला चालवण्याचा आदेश दिला. १९९६ मध्ये चंदीगडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी गिल यांना दोषी ठरवलं आणि तीन महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. अपिलात दोष कायम राहिला, पण तुरुंगवास टळला. त्याऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका झाली आणि पैसे भरण्याचा हुकूम झाला. ती रक्कम दोन लाख रुपयांवर गेली. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषावर शेवटची मोहोर उमटवली. मेजवानीच्या त्या रात्रीला तोवर सतरा वर्षं झाली होती.

आता प्रश्न उरला त्या दोन लाखांचा. बजाज यांनी भरपाई घ्यायला नकार दिला. तेव्हा हे पैसे स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांना द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून पुष्कळ जण एक सोपा धडा काढतात : खरी स्वाभिमानी बाई पैसे घेत नाही. हा धडा चुकीचा आहे आणि घातकही आहे. बजाज यांची नोकरी शाबूत होती, पती पाठीशी उभे होते. त्यांना हवं होतं ते म्हणजे झालेली गोष्ट गुन्हा आहे, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हणणं. ते त्यांना मिळालं. पैसे नाकारण्याचा हक्क त्यांचा होता. पण त्यांच्या नकाराची फूटपट्टी करून दुसरीला मोजण्याचा हक्क कोणालाही नाही.

एखाद्या खासगी कंपनीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. उपाध्यक्ष किंवा संचालक तिला रात्री-बेरात्री मेसेज करतो, दौऱ्यावर असताना हॉटेलच्या खोलीत बोलावतो. ती नाही म्हणते. मग तिचं मूल्यांकन घसरतं, बढती हुकते, चांगली कामं काढून घेतली जातात, झोप उडते, डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू होतात, शेवटी नोकरीही जाते. हे सगळं पैशांत मोजता येणारं नुकसान आहे. ते तिने सोसायचं आणि ज्याने केलं त्याने गलेलठ्ठ पगार घेत राहायचं, हा कुठला न्याय?

१९९७ मध्ये विशाखा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याने भरपाईचा हिशेब उघडपणे मांडला आहे. रक्कम ठरवताना चौकशी समितीने पाहायचं ते असं : बाईला झालेला मानसिक त्रास, करिअरमध्ये हुकलेल्या संधी, शारीरिक वा मानसिक उपचारांचा खर्च, आरोपीचं उत्पन्न आणि आर्थिक स्थिती, आणि रक्कम एकरकमी देता येईल की हप्त्यांनी. चौथा मुद्दा वरिष्ठांनी नीट वाचावा. पगार जितका मोठा, तितकी रक्कमही मोठी होऊ शकते. ती पगारातून कापता येते, आणि दिली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते.

याच कायद्यात दुसरीही एक अट आहे. चौकशी सुरू होण्यापूर्वी बाईची इच्छा असेल तर समेट करता येतो, पण पैसे देऊन समेट करता येत नाही. यातला भेद लक्षात घ्या. बंद दाराआड पुढे केलेलं पाकीट ही गप्प बसण्याची किंमत असते. चौकशीनंतर, दोष सिद्ध झाल्यावर ठरलेली रक्कम ही नुकसानीची भरपाई असते. पहिलं घेणं नाकारावं. दुसरं मागताना मान खाली घालण्याचं कारण नाही.

तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष स्त्री, निम्मे सदस्य तरी स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. नव्वद दिवसांत चौकशी पुरी करायची असते. आणि एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी : पुरावा अपुरा पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, आणि तेवढ्यासाठी तक्रारदार बाईवर कारवाई करता येत नाही.

बजाज यांना हा कायदा मिळाला नव्हता. तरी त्या सतरा वर्षं लढल्या. ज्यांच्या हाती आज तो आहे, त्यांनी संस्थेची अब्रू, साहेबांचं देशकार्य, त्यांच्या पोराबाळांची काळजी असली कारणं ऐकून तक्रार गिळू नये. साहेबाने मोठं काम केलं असेल, तर त्याचा मान त्याला मिळालेलाच असतो. त्या मानाच्या बदल्यात कोणा बाईचा देह त्याच्या हवाली होत नाही.

तात्पर्य : अपमानाची किंमत होत नाही, पण नुकसानाची भरपाई होते. ती मागणारी बाई लोभी नसते आणि नाकारणारी जास्त पवित्र नसते. निवड तिची असते, आणि जाब गुन्हेगारानेच द्यायचा असतो, मग तो कितीही मोठ्या खुर्चीवर बसलेला असो.