हातातील लेखणी कोणाची?



‘मी तर केवळ हुकमाचा ताबेदार!’ हे शब्द आपण पुष्कळदा ऐकले आहेत. कदाचित उच्चारलेही असतील. निर्णय वरिष्ठांचा, कागद कचेरीचा, कायदा सरकारचा. मग दोष आपल्याला कसा लागावा? अमेरिकेच्या इतिहासात सेनापतींची व राष्ट्राध्यक्षांची नावे ठळकपणे येतात. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मात्र एका दुकानातील कारकुनाकडे वळावे लागते. त्याचे नाव जॉन वुलमन.

वुलमनचा जन्म १७२० साली, तेव्हाच्या इंग्रजी अंमलाखालील न्यू जर्सी वसाहतीत, एका क्वेकर कुटुंबात झाला. पुढे माउंट हॉली येथे तो एका दुकानदाराकडे नोकरीस राहिला. विशी नुकतीच ओलांडली असेल, तेव्हा एके दिवशी मालकाने आपल्या एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहावयास त्याला सांगितले. विकत घेणारा समोर खोळंबला होता. तोही क्वेकर मंडळीचाच वयोवृद्ध सभासद. कायद्याची काही आडकाठी नव्हती. वुलमनचे मन कासावीस झाले. परंतु आपण सालाने ठेवलेले नोकर, हुकूम मालकाचा, असे मनाशी म्हणून त्याने खत लिहून दिले. मात्र गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे आपले मत त्याने दोघांच्याही तोंडावर सांगितले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. त्याने निषेध केला, हे खरे. पण खत पुरे झाले आणि ती स्त्री विकली गेली. पिलातानेही लोकांसमोर हात धुतलेच होते! हे काम आपल्याकडून नको, असे त्या वेळीच सांगितले असते तर अधिक बरे झाले असते, असे वुलमनने पुढे आपल्या रोजनिशीत प्रांजळपणे कबूल केले. त्यानंतर एका तरुणाने तसलाच दस्त लिहावयास सांगितला, तेव्हा त्याने नम्रपणे नकार दिला.

काही वर्षांनी दुखापत झालेल्या एका शेजाऱ्याने त्याला मृत्युपत्र लिहावयास सांगितले. कोणत्या अपत्याला काय द्यावयाचे, हे सांगताना आपली तरुण गुलाम मुलगी कोणाला द्यावी, हेही त्याने सांगितले. वुलमनने सर्व मजकूर लिहिला, तेवढा भाग वगळून. मग रोग्याच्या उशाशी बसून तो वाचून दाखविला. माणसाला गुलाम करणारा कागद लिहिणे आपल्या मनाला सोसत नाही, झालेल्या कामाचे पैसेही नकोत, असे त्याने स्नेहभावाने सांगितले. दोघांचे गंभीर बोलणे झाले. अखेर शेजाऱ्याने त्या मुलीला मुक्त करण्याचे मान्य केले आणि मग वुलमनने मृत्युपत्र पुरे केले.

त्याने शेजाऱ्याला शिव्याशाप दिले नाहीत; फक्त आपला हात दिला नाही. त्या नकारात तिरस्कार नव्हता, म्हणूनच समोरच्याच्या विवेकाला जागे होण्यास अवसर मिळाला.

‘मी नाही लिहिले, तर दुसरा कोणी लिहीलच,’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण दुसरा काय करील, याचा हिशेब देव आपल्याकडे मागणार नाही. आपल्या हाताने काय केले, एवढेच तो विचारील.

या मार्गाचे फळ लवकर येत नाही. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना भेटून समजावण्यासाठी काहीजण नेमले. त्यांत वुलमन होता. १७७२ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे देवीच्या रोगाने तो निवर्तला. त्याच सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास पूर्ण मनाई केली ती १७७६ साली. साऱ्या देशातून गुलामगिरी कायद्याने उठण्यास १८६५ साल उजाडले, आणि तत्पूर्वी भीषण यादवी युद्धात लाखो माणसे मेली.

आपल्यापुढे गुलामाचे विक्रीखत कोणी ठेवणार नाही. परंतु कमी मजुरी देऊन पूर्ण रकमेच्या पावतीवर अंगठा घेणे, खोट्या दाखल्यावर साक्षीदार म्हणून सही करणे, लग्नाच्या बैठकीत हुंड्याची यादी लिहून घेणे, ही कामे कोणाच्या तरी हातूनच होतात. तो हात रविवारी प्रभुभोजनाच्या मेजापुढेही पसरला जातो.

पुढच्या वेळी असा कागद समोर आला, तर सही करण्यापूर्वी स्वतःला विचारा: ही लेखणी कोणाची?